सरकारचा वकील कोणाचा?

कुंभकोणमहून अणैक्करैच्या बंधाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर चोळपुरम् नावाचे एक लहानसे गाव लागते. नाव मोठे, गाव बेताचे. चोळ सम्राटांचे वैभव केव्हाच मावळले. उरली आहेत भाताची खाचरे, केळीच्या बागा आणि देवळांची शिखरे. बदलीचा हुकूम हाती पडला तेव्हा नकाशात हे गाव शोधण्यास आम्हास बराच वेळ लागला होता. आज येथील टपाल कचेरीच्या खिडकीमागे बसून आम्हास दोन वर्षे होत आली. परप्रांतात नोकरी करणाऱ्या मराठी माणसाला प्रथम भाजीची, मग भाषेची आणि सर्वांत शेवटी माणसांची ओळख होते, असा आमचा अनुभव आहे. या तीन पायऱ्यांपैकी तिसरीवर आम्ही नुकतेच पाऊल ठेवले आहे.

मागल्या वर्षी भाताची कापणी आटोपल्यावर एके सकाळी एक पाट्टी खिडकीशी आली. इकडे आजीला पाट्टी म्हणतात. तिच्या कापडी पिशवीत गुळगुळीत कागदावर छापलेली एक पावती होती. कोणा एका खाजगी कंपनीने ठेव म्हणून तिचे पैसे घेतले होते, पाच वर्षांत दुप्पट देण्याचे वचन दिले होते, आणि आता त्या कंपनीच्या कचेरीला कुलूप लागले होते. पावतीवर शिक्का होता, क्रमांक होता, सही होती. तेव्हा हे काम सरकारीच असणार, आणि सरकार म्हणजे टपाल कचेरी, असा तिचा सरळ हिशेब होता. आम्ही तिला आमच्या मोडक्या तमिळमध्ये समजावले की हा कागद आमचा नव्हे. ठेवीदारांच्या रक्षणासाठी तामिळनाडूने १९९७ साली स्वतंत्र कायदा केला आहे, पोलिसांची आर्थिक गुन्ह्यांची शाखा आहे, तेथे तक्रार द्यावी. पुढे सरकारी वकील कोर्टात खटला चालवील. पाट्टीने सर्व शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, ‘‘तंबी, तो सरकारी वकील सरकारचा की आमचा?’’

तंबी म्हणजे धाकटा भाऊ. प्रश्न भाबडा वाटला म्हणून आम्ही हसलो, आणि घरी गेल्यावर त्या हसण्याची लाज वाटली. कारण प्रश्न भाबडा नव्हता. शेअर, रोखे, ठेवी यांच्या व्यवहारांवर कायद्याची नजर ठेवणारा जो वरिष्ठ सरकारी विधिज्ञ असतो, मग त्याला महान्यायवादी म्हणा, महाधिवक्ता म्हणा, की आजच्या व्यवस्थेप्रमाणे नियामक मंडळाचा कायदेप्रमुख म्हणा, तो नेमका कोणाचा? ज्या सरकारने त्याला नेमले त्याचा, की ज्याचे पैसे बुडाले त्याचा? आणि पैसे बुडवणाऱ्यांत सरकारचाच हात असेल, तर मग कोणाचा?

कुंभकोणमातील एका तंजावरी मराठी घराशी आमचा घरोबा आहे. त्या घरातील वृद्ध गृहस्थांनी आयुष्यभर वकिली केली. आम्ही त्यांना काका म्हणतो. रविवारी कॉफीच्या पेल्यावर त्यांना ही हकीकत सांगितली, तेव्हा ते म्हणाले, ‘‘तुमच्या पाट्टीचा प्रश्न जुना आहे. पावणेदोनशे वर्षांमागे आमच्या तंजावरात एका राणीसाहेबांनी तोच विचारला होता, आणि त्यांना मिळालेले उत्तर वाईट होते.’’ काकांच्या त्या बोलण्यावरून आम्ही जो इतिहास चाळला, तो वाचकांपुढे ठेवीत आहोत.

१

तंजावरचे दुसरे शिवाजीराजे २९ ऑक्टोबर १८५५ रोजी निवर्तले. त्यांना पुत्र नव्हता. व्यंकोजीराजांनी स्थापिलेल्या या मराठी राज्याचा कारभार १७९९ सालीच कंपनीच्या हाती गेला होता. मागे राहिले होते ते राजपद, वाडा आणि पिढ्यान्‌पिढ्यांची मालमत्ता. वारस नाही हे कारण दाखवून कंपनीने राजपद खालसा केले. एवढ्यावर गोष्ट थांबली असती, तर ती डलहौसीच्या काळातील अनेक कहाण्यांपैकी एक ठरली असती. परंतु १८५६ च्या ऑक्टोबरात कंपनीचा अधिकारी फोर्ब्स शिपाई घेऊन वाड्यात गेला आणि त्याने राजाची खाजगी मालमत्ताही ताब्यात घेऊन तिच्यावर मोहोरा लावल्या. जडजवाहीर, जमिनी, कपडालत्ता, यांत राज्याचे काय आणि घरचे काय, हा भेद करण्याची तसदी कोणी घेतली नाही.

थोरल्या राणी कामाक्षीबाईसाहेब यांनी मद्रासच्या सुप्रीम कोर्टात कंपनीवर दावा लावला. त्यांची बाजू जॉन ब्रूस नॉर्टन या इंग्रज बॅरिस्टराने घेतली. राज्य गेले ते गेले, पण नवऱ्याची खाजगी चीजवस्तू ही विधवेची आहे आणि ती घेण्याचा कंपनीला कायद्याने अधिकार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. मद्रासच्या कोर्टाने ते मान्य केले. कंपनीने लंडनला प्रिव्ही कौन्सिलकडे धाव घेतली आणि १८५९ साली तेथे निकाल फिरला. लॉर्ड किंग्ज्‌डाउन यांनी दिलेल्या निवाड्याचे सार इतकेच की, हे कृत्य कायद्याच्या आधाराने झालेलेच नाही. ते एका सत्तेने दुसऱ्या सत्तेवर केलेले राज्यकृत्य आहे. ते न्याय्य होते की अन्याय्य, हा प्रश्न कोणत्याही कोर्टाने पाहावयाचा नाही. पुढे १८६२ साली सरकारने ती मालमत्ता राणीसाहेबांना परत देण्याचे ठरवले. पण तो मेहेरबानीचा भाग होता, हक्काचा नव्हे.

या खटल्याचा शेअरबाजाराशी संबंध काय, असे वाचक विचारतील. संबंध आहे. पैशाच्या व्यवहारात सरकार स्वतः पक्षकार झाले म्हणजे काय होते, याचे हे पहिले ठळक उदाहरण आहे. त्या काळी सरकारच्या बाजूने उभे राहणाऱ्या विधिज्ञाजवळ एक अमोघ अस्त्र होते: ‘हे सरकारने केले आहे, म्हणून विचारू नका.’ हे अस्त्र ज्याच्या हाती आहे, तो वकील केवळ सरकारचाच असू शकतो. गंमत अशी की, राणीसाहेबांचे वकील नॉर्टन हेच १८६३ साली मद्रासचे महाधिवक्ता झाले. ज्या सरकारविरुद्ध ते झगडले, त्याच सरकारची बाजू मांडणे हे त्यांचे काम झाले. माणूस बदलला नव्हता. आसन बदलले होते. आणि त्या काळी त्या आसनाला सरकारखेरीज दुसरा धनी नव्हता.

२

दुसरा प्रसंग चोळपुरम्‌च्या आणखी जवळचा आहे. येथून फार दूर नसलेले तिरुविडैमरुदूर हे क्षेत्र मराठी वाचकास अपरिचित नसावे. १७९८ साली गादीवरून दूर केलेले अमरसिंहराजे तेथेच, मध्यार्जुनास, येऊन राहिले होते. त्याच गावी १८६३ साली व्ही. कृष्णस्वामी अय्यर यांचा जन्म झाला. मद्रासला ते नामांकित वकील झाले, आणि त्यांच्या कर्तृत्वाची कसोटी पाहणारा प्रसंग १९०६ साली उभा राहिला.

मद्रासमध्ये त्या काळी अर्बथनॉट आणि कंपनी ही पेढी म्हणजे सचोटीचा मूर्तिमंत पुतळा मानली जाई. गोऱ्या साहेबांची पेढी, तिच्या प्रमुखास ‘सर’ हा किताब, मग शंका कोण घेणार? निवृत्त मुनसफ, शाळामास्तर, विधवा, देवस्थाने या सर्वांचा पैसा तेथे ठेवीला होता. तो पैसा लंडनमधील संलग्न पेढीच्या द्वारे सट्ट्यात आणि दूरदेशीच्या धंद्यांत गुंतत गेला. ऑक्टोबर १९०६ मध्ये लंडनची ती मॅकफेडियन पेढी कोसळली, तिच्या मालकाने आगगाडीखाली जीव दिला, आणि २२ ऑक्टोबर रोजी अर्बथनॉटने मद्रासेत पैसे देणे बंद केले. देणे किती आणि मालमत्ता किती, हे पाहू गेले तेव्हा दोहोंत जमीन-अस्मानाचे अंतर निघाले.

त्या दिवसांत ठेवीदारांचा कैवार कृष्णस्वामी अय्यर यांनी घेतला. दिवाळखोरीच्या कोर्टात ते धनकोंच्या बाजूने उभे राहिले आणि पेढीचे हिशेब उजेडात आणण्यासाठी झटले. सर जॉर्ज अर्बथनॉट यांच्यावर फौजदारी खटला होऊन १९०७ साली त्यांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. एका इंग्रज सरदाराला वसाहतीच्या कोर्टाने तुरुंगात पाठवावे, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. याच आपत्तीतून देशी लोकांनी देशी भांडवलावर चालवायची बँक हवी ही कल्पना बळावली, आणि कृष्णस्वामींच्या पुढाकाराने १९०७ साली इंडियन बँक उघडली. कुंभकोणमकरांनी तर या धड्याची वाटही पाहिली नव्हती; कुंभकोणम बँक १९०४ सालीच निघाली होती, आणि आज ती सिटी युनियन बँक या नावाने चालू आहे.

या प्रसंगात सरकारचा वकील कोठे होता? तो होता, परंतु शेवटच्या अंकात. पैसा बुडाला, पेढी बुडाली, मग दंडसंहितेचे पुस्तक उघडले गेले. ठेवी घेणाऱ्याने आपले हिशेब आधी दाखवावेत, त्यावर कोणी नजर ठेवावी, संशय येताच कोणी दार ठोठवावे, अशी व्यवस्था नव्हती. १८५९ साली सरकारचा वकील राणीच्या विरुद्ध होता. १९०६ साली तो ठेवीदाराच्या विरुद्ध नव्हता, पण त्याच्या बरोबरही नव्हता. ठेवीदाराला स्वतःचा वकील स्वतःच शोधावा लागला, आणि तो भला निघाला हे त्याचे भाग्य.

३

मुंबईस हा धडा पूर्वीच मिळाला होता. अमेरिकेतील यादवी युद्धात कापसाने मुंबईवर सोन्याचा पाऊस पाडला, त्या पावसात शेअरांचे पीक माजले, आणि १८६५ साली युद्ध संपताच ते करपून गेले. पुढे १९२५ साली मुंबई सरकारने रोख्यांच्या करारांवर नियंत्रण ठेवणारा कायदा केला. स्वातंत्र्यानंतर सर्व देशासाठी एक कायदा असावा म्हणून १९५१ साली गोरवाला समितीने मसुदा तपासला. चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना त्याचे विधेयक संसदेपुढे आले, आणि १९५६ साली रोखे करार नियमन कायदा मंजूर झाला. महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले चिंतामणराव तोपर्यंत संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर मंत्रिपद सोडून बाहेर पडले होते. त्याच वर्षी दोनशे पंचेचाळीस विमासंस्था एकत्र करून १ सप्टेंबर रोजी आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले. ज्या पैशाने लोक आपल्या मरणानंतर मुलाबाळांची सोय करतात, तो पैसा आता सरकारच्या छत्राखाली आला.

रोखे करार कायदा २० फेब्रुवारी १९५७ पासून अमलात आला. त्यानंतर चारच महिन्यांनी, २४ व २५ जून रोजी, आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंध्रा या कलकत्त्याच्या सट्टेबाजाशी संबंधित सहा कंपन्यांचे शेअर सुमारे सव्वा कोटी रुपयांना खरेदी केले. ही खरेदी बाजारात झाली नाही, ती वाटाघाटीने झाली. महामंडळाची गुंतवणूक समिती होती. तिला विचारण्यात आले नाही. मुंध्रा पैशाच्या अडचणीत होते आणि त्यांच्या अडचणीतून वाट निघेल अशी ही खरेदी होती. पुढे त्या शेअरांच्या किमती घसरल्या.

लोकसभेत प्रश्न निघाले, उत्तरे अपुरी पडली, आणि १६ डिसेंबर १९५७ रोजी फिरोज गांधी यांनी सविस्तर भाषण करून प्रकरणाचा पडदा फाडला. भाषण करणारे सत्ताधारी पक्षाचे सभासद आणि पंतप्रधानांचे जावई. ज्यांच्यावर बोट होते ते अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारी, मद्रासचे, पंतप्रधानांच्या विश्वासातील. जानेवारी १९५८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छगला यांचा एकसदस्य चौकशी आयोग नेमला गेला, आणि आयोगास साहाय्य करण्याचे काम भारताचे महान्यायवादी मोतीलाल सेटलवाड यांच्याकडे आले.

येथे वाचकांनी क्षणभर थांबावे. महान्यायवादी म्हणजे संविधानाच्या ७६ व्या अनुच्छेदाप्रमाणे भारत सरकारला कायद्याचा सल्ला देणारा सर्वोच्च विधिज्ञ. राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंतच त्याचे पद, आणि ती मर्जी व्यवहारात मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालते. म्हणजे ज्या सरकारचा तो वकील, त्याच सरकारच्या अर्थमंत्र्यास आणि अर्थखात्याच्या प्रमुख सचिवास त्याने साक्षीदाराच्या पिंजऱ्यात प्रश्न विचारावयाचे होते. तंजावरच्या वाड्यावर मोहोरा लागल्या तेव्हापासून शंभर वर्षे लोटली होती. ‘हे सरकारने केले आहे, म्हणून विचारू नका’ हे जुने अस्त्र सेटलवाडांच्या समोर पडलेले होते. त्यांनी ते उचलले नाही.

छगलांनी चौकशी उघडपणे चालवली. मुंबईकरांची गर्दी इतकी लोटली की, आतले सवाल-जबाब बाहेरच्यांना ऐकू जावेत म्हणून ध्वनिक्षेपक लावावे लागले. महामंडळाचे अध्यक्ष कामत, व्यवस्थापकीय संचालक वैद्यनाथन, अर्थखात्याचे प्रमुख सचिव एच. एम. पटेल, रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर अय्यंगार, स्वतः अर्थमंत्री, सारे एकामागून एक साक्षीस आले. अवघ्या काही आठवड्यांत सुनावणी आटोपली, आणि १० फेब्रुवारीस अहवाल तयार झाला. आयोगांचे अहवाल वर्षानुवर्षे रेंगाळताना पाहिलेल्या आम्हा कचेरीवाल्यांना हा वेग आजही स्वप्नवत वाटतो.

४

या चौकशीतील सर्वांत बोलका भाग आमच्यासारख्या कारकुनास चटकन कळतो, कारण तो फायलीचा आहे. सचिव म्हणत होते, मंत्र्यांच्या कानावर घातले होते, त्यांची संमती होती. मंत्री म्हणत होते, आपण या स्वरूपाच्या खरेदीस संमती दिली नव्हती. महामंडळाचे अधिकारी म्हणत होते, सचिवांनी सांगितले ते आम्ही सरकारचे सांगणे समजलो. सव्वा कोटीची खरेदी, आणि निर्णायक शब्द कोणी उच्चारला हे दाखवणारी टिप्पणी कागदावर नाही!

वाचकांपैकी ज्यांनी सरकारी कचेरीत उमेदवारी केली आहे, त्यांना ‘तोंडी सांगितले आहे’ या शब्दांचे वजन ठाऊक आहे. साहेबांच्या दालनातून बाहेर पडताना हळूच सांगितलेले एक वाक्य. ते कोणी लिहीत नाही, पण त्याप्रमाणे सर्व काही घडते. काम बरे झाले तर ते वाक्य साहेबांचे, बिघडले तर कारकुनाचे. आम्ही स्वतः नोकरीच्या आरंभी एका कचेरीत असे एक तोंडी वाक्य ऐकून टिप्पणी न लिहिता कागद पुढे सरकवला होता. रक्कम क्षुल्लक होती, पण जाब विचारला गेला तेव्हा ते वाक्य कोणाच्याच स्मरणात उरले नव्हते. वर्षभर वेतनवाढ रोखली गेली. त्या दिवसापासून प्रत्येक तोंडी सूचना लिहून, तारीख घालून, खाली सही करण्याची सवय आम्हास लागली, आणि तिच्यामुळे काही वरिष्ठ आम्हास वातट म्हणतात.

पैशाच्या कायद्याची अंमलबजावणी करणाऱ्या विधिज्ञाचे खरे काम हेच आहे. तो आकडे मोजीत नाही, ते काम हिशेबनिसाचे. जे वाक्य लिहिले गेले नाही ते कोणी, केव्हा, कोणासमोर उच्चारले, हे साक्षी-पुराव्याने कागदावर आणणे हे त्याचे काम. हे काम ज्याला करावयाचे, त्याच्या मनात ‘हा मंत्री माझा अशील आहे’ असा विचार आला की तो संपला. सेटलवाडांनी प्रश्न विचारताना अर्थमंत्री आणि महामंडळाचा अधिकारी यांत भेद केला नाही. छगलांनी निष्कर्ष काढला की, व्यवहार धंद्याच्या तत्त्वांस धरून नव्हता, आणि त्याची घटनात्मक जबाबदारी मंत्र्यांचीच आहे. आपल्या सचिवाने आपल्या नावावर जे केले त्याच्या आड मंत्र्याला लपता येणार नाही. कृष्णमाचारींनी फेब्रुवारीतच राजीनामा दिला. पंतप्रधानांना तो स्वीकारताना आनंद झाला नाही, हे सर्वश्रुत आहे.

आणि महान्यायवादी? ते आणखी पाच वर्षे, १९६३ पर्यंत, त्याच पदावर राहिले. आमच्या मते या प्रकरणातील सर्वांत मोलाची गोष्ट ही आहे. सरकारच्या वकिलाने सरकारच्या मंत्र्याला अडचणीत आणणारे प्रश्न विचारले, आणि सरकारने त्याला काढले नाही. हे सेटलवाडांचे धैर्य होते हे खरेच. पण त्या काळच्या सरकारलाही त्याचे श्रेय द्यावयास हवे. उलट बाजूही सांगितली पाहिजे. कृष्णमाचारी काही वर्षांनी पुन्हा मंत्रिमंडळात आले व पुन्हा अर्थमंत्री झाले, एच. एम. पटेलांनी सनदी सेवा सोडली, आणि १९७७ साली तेही अर्थमंत्री झाले. म्हणजे त्या चौकशीने माणसे कायमची बुडाली नाहीत. एक रीत मात्र पडली.

५

पण रीत पडणे वेगळे आणि व्यवस्था उभी राहणे वेगळे. मुंध्रा प्रकरणात योगायोगाने एक निर्भीड खासदार, एक निर्भीड न्यायाधीश आणि एक निर्भीड महान्यायवादी एकत्र आले. दर वेळी असे तिघे कोठून आणावयाचे? अमेरिकेने या प्रश्नाचे उत्तर आपल्याआधी शोधले होते. १९३३ साली तेथील सीनेटच्या समितीचे वकील फर्डिनांड पेकोरा यांनी मॉर्गनसारख्या धनाढ्यांस साक्षीला बसवून प्रश्न विचारले. सिसिलीहून आलेल्या स्थलांतरिताचा हा मुलगा वॉल स्ट्रीटला भारी ठरला. परंतु तेथील लोक पेकोरांवर विसंबून राहिले नाहीत. १९३४ साली त्यांनी रोखे व शेअरबाजारासाठी कायमचे आयोग स्थापन केले आणि त्याला स्वतःचे विधिप्रमुख व स्वतःचे वकील दिले.

आपल्याकडे त्यास आणखी अर्धशतक लागले. १२ एप्रिल १९८८ रोजी भारतीय प्रतिभूति आणि विनिमय मंडळ, म्हणजे सेबी, मुंबईस स्थापन झाले. पण कायद्याचे बळ त्याला १९९२ साली मिळाले. त्याच वर्षी हर्षद मेहता प्रकरणाने देश हादरला. पुढे १९९५, २००२ आणि २०१४ सालच्या दुरुस्त्यांनी दंड बसवणे, चौकशीस बोलावणे, गैरमार्गाने मिळवलेला नफा ओकावयास लावणे, मालमत्ता जप्त करून वसुली करणे असे अधिकार मंडळाकडे आले. मंडळाच्या कायदा व अंमलबजावणी विभागांवर कार्यकारी संचालकाच्या दर्जाचे अधिकारी असतात. त्यांच्या आदेशावर दाद मागण्यासाठी स्वतंत्र अपील न्यायाधिकरण आहे, आणि त्यावर सर्वोच्च न्यायालय. त्या न्यायाधिकरणाचे अध्यक्षपद २०१३ ते २०१८ या काळात न्यायमूर्ती जे. पी. देवधर यांनी भूषवले. जी गोष्ट १९०६ साली एका वकिलाच्या भलेपणावर आणि १९५८ साली तिघांच्या निर्भयतेवर अवलंबून होती, ती आता एका कचेरीचे रोजचे काम झाली आहे.

या कचेरीचे सामर्थ्य आणि तिची मर्यादा एकाच प्रकरणात दिसली. सहारा समूहाच्या दोन कंपन्यांनी कोट्यवधी लहान गुंतवणूकदारांकडून रोख्यांच्या रूपाने पैसा गोळा केला होता. हा सार्वजनिक विक्रीचाच प्रकार आहे आणि त्यास आपले नियम लागू आहेत, असे सेबीने २०११ साली ठरवले. ३१ ऑगस्ट २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरले आणि चोवीस हजार कोटींच्या घरातील रक्कम व्याजासह परत करण्याचा हुकूम दिला. हा कायद्याचा मोठाच विजय होता. नंतर गुंतवणूकदारांची कागदपत्रे सादर करण्याची वेळ आली, तेव्हा सव्वाशेहून अधिक मालमोटारींतून तीस हजारांवर खोकी सेबीच्या दारी येऊन पडली. त्या खोक्यांतून खरा माणूस आणि त्याचा खरा पत्ता शोधणे ही केवढी जिकिरीची गोष्ट, हे आम्हा टपालवाल्यांना सांगावयास नको. निकाल लागून वर्षांवर वर्षे गेली, तरी परताव्याचे काम निकालाच्या वेगाने झाले नाही. कायदा जिंकला, पैसा मात्र घरी पोचावयास पत्ता लागतो, आणि तो पत्ता शोधणारा हात अजून दुबळा आहे.

६

एवढे वाचून झाल्यावर आम्ही काकांकडे पुन्हा गेलो आणि म्हणालो, ‘‘काका, राणीसाहेबांना मिळाले ते उत्तर आता राहिले नाही.’’ ते हसले आणि म्हणाले, ‘‘राहिले नाही, असे म्हणू नका. ते कोपऱ्यात बसलेले आहे. ज्या दिवशी सरकारी वकील आपल्याला नेमणाऱ्याच्या तोंडाकडे पाहून प्रश्न विचारील, त्या दिवशी ते पुन्हा उठून उभे राहील.’’ काकांचे म्हणणे आम्हास पटले. कायद्याने या पदाला अधिकार दिले आहेत. त्या अधिकारांचा धनी कोण, हे मात्र दर वेळी त्या आसनावर बसणाऱ्यालाच ठरवावे लागते. नॉर्टन त्या आसनावर बसले तेव्हा त्याचा धनी सरकार हाच होता. सेटलवाड बसले तेव्हा त्यांनी दाखवून दिले की, त्याचा धनी कायदा असू शकतो. या दोन नावांमधील शंभर वर्षांचे अंतर आपल्या देशाने चालून पार केले आहे. ते उलट चालून जाणे मुळीच अवघड नाही.

पाट्टीचा अर्ज आम्हीच लिहून दिला. तमिळ अक्षर आमचे अद्याप ओबडधोबड, म्हणून शेजारच्या शाळेतील एका मुलीकडून तो पुन्हा उतरवून घेतला. पावतीची प्रत जोडली, तारीख घातली, पाट्टीचा अंगठा घेतला, आणि नोंदणी टपालाने अर्ज रवाना केला. टपालाची पोच तिच्या हाती देताना आम्ही म्हणालो, ‘‘पाट्टी, ही पावती खरोखरीच सरकारी आहे, ही जपून ठेवा. आणि तुम्ही विचारले होते त्याचे उत्तर असे की, तो वकील सरकारचा नव्हे, कायद्याचा. म्हणून तो तुमचाही.’’

पाट्टीने पोच उलटसुलट करून पाहिली, पदराच्या गाठीत बांधली आणि जाता जाता म्हणाली, ‘‘बरे तंबी. मग त्याला सांगा, मी आहे तोवर ये म्हणावे.’’